अंबादास मास्तरांची भांडणाची इंग्रजी

कुणाला बोलण्यात आडवं करायचं ठरवलं की अंबादास मास्तर आधी चष्मा काढत. तो पत्र्याच्या डबीत ठेवत, डबी खट्‌कन मिटत आणि मग इंग्रजीतलं एक वाक्य टाकत. वाक्य चार-पाच शब्दांचंच असे, पण ते पडलं की समोरच्याचा विषय तिथंच संपे. सात वर्षं मी ती डबी मिटताना ऐकली, आणि निम्म्याहून जास्त वेळा समोर मीच होते. हे आधीच सांगते, कारण गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे आणि मला ते जमणार नाही.

आमची शाळा हुलसूरपासून दोन कोसांवरच्या एका बाजारगावात होती. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला वर्ष उलटलं होतं. मुलींचा वर्ग नव्यानं निघाला आणि त्यावर माझी नेमणूक झाली. मी करजगीची. गल्लीत कन्नड, घरात मराठी, आणि गुलबर्ग्याला मावशीकडे राहून शिकले ते उर्दूतून. इंग्रजी पास होण्यापुरती पाठ केलेली, पास झाल्यावर विसरलेली.

पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांना बसवून अडचणी विचारल्या. मी म्हणाले, "मुलींचा वर्ग ओसरीत भरतो. ओसरी बाजाराच्या तोंडाला. समोरच्या हॉटेलात माणसं चहा पीत बघत बसतात, पोरी मान वर करत नाहीत. त्यांना मागची खोली द्यावी."

मागच्या खोलीत अंबादास मास्तर इंग्रजीचा वर्ग घेत. त्यांनी चष्मा काढला. डबी मिटली.

"दॅट इज निदर हिअर नॉर देअर."

'हिअर' म्हणजे इथं, 'देअर' म्हणजे तिथं, एवढं मला कळलं. मी प्रामाणिकपणे विचारलं, "इथं न्हाई, तिथं न्हाई, मग मास्तर, पोरींना बसवायचं कुठं?"

ते हेडमास्तरांकडे बघून हसले. हेडमास्तर उर्दूतले, त्यांनाही ते वाक्य कळलं नव्हतं, पण तेही हसले. मग सगळेच हसले.

"बाई," मास्तर म्हणाले, "त्याचा अर्थ, तुमचं बोलणं बिनकामाचं हाय. साहेब लोक तसं तोंडावर म्हणत न्हाईत. इंग्रजीत भांडणाला बी कपडे घालावे लागतात."

विषय संपला. पोरी ओसरीतच राहिल्या. त्या दिवशी घरी जाऊन मी भाकरी थापली, ती इतक्या जोरात की शेजारची अक्का विचारायला आली.

त्यांच्या या मिजाशीचं कारण पुढं हळूहळू समजलं. जुन्या अमदानीत सगळा कारभार उर्दूत चाले. मास्तरांची उर्दू बेताची, आणि इंग्रजी चांगली असून तिला कुणी विचारत नसे. एकाच पगारावर एकच वाचनमाला शिकवत त्यांनी पंधरा वर्षं काढली. हाताखाली शिकलेले पोरगे पुढं जाऊन त्यांच्यावर साहेब झाले. एकदा त्यांची उर्दू दरख्वास्त चुकली म्हणून त्यांना शिपायासमोर ती तीन वेळा लिहायला लावली होती. मग राज्य बदललं. मद्रासकडून अधिकारी आले, ज्यांना ना उर्दू येई ना मराठी. तार इंग्रजीत, हुकूम इंग्रजीत. एका रात्रीत अख्खं गाव कागद घेऊन मास्तरांच्या दारात उभं राहिलं. पंधरा वर्षं गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडी अचानक कुणालाच उत्तर देता न येणारी भाषा आली, आणि ते ती जपून वापरणारे नव्हते.

"ज्याला हाकिमाची जबान येत न्हाई, त्याचा अर्ज कचऱ्यात जातंय," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. ते खोटं नव्हतं. पण त्यातून ते एवढंच शिकले होते, की आता दुसऱ्याचा अर्ज आपण कचऱ्यात टाकायचा.

मी एक वही केली. मास्तर जे वाक्य टाकतील ते ऐकू येईल तसं देवनागरीत लिहायचं. कुणाला म्हणाले, आणि म्हटल्यावर काय झालं, तेही लिहायचं. डिक्शनरीचा उपयोग होईना. डिक्शनरीत 'रिस्पेक्ट' म्हणजे आदर. मास्तर 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' म्हणाले की पुढं हमखास अपमान येई. 'पॉइंट वेल टेकन' म्हणाले की वाटावं, मुद्दा मान्य झाला. तो तिथंच गाडला जाई, परत कधी वर येत नसे. 'फॉर द सेक ऑफ आर्ग्युमेंट' म्हणून ते तुमचं म्हणणं घटकाभर खरं धरत, ते फक्त पुढच्या वाक्यात मोडायला. आणि स्वतः हरू लागले की, तेवढ्यापुरतंच, मोठ्या मनानं म्हणत, 'लेट अस ॲग्री टू डिसॲग्री.' मला वाटे, तह झाला. तहात खोली त्यांच्याचकडे राहिलेली असे.

एका दुपारी मी वर्गावरून परत आले तर माझी वही त्यांच्या हातात. मी टेबलावर विसरले होते. पानापानावर त्यांचंच नाव होतं, आणि काही ठिकाणी माझे स्वतःचे शेरेही. मला वाटलं, फाडणार. त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि उभ्या उभ्या वही तपासायला लागले.

"'आय बेग टू डिफर.' इथं तुम्ही लिहिलंय, भीक मागून वेगळं व्हणं. चूक. भीकबीक काही न्हाई. मला तुमचं पटत न्हाई, एवढंच. हाकिमासमोर म्हणायचं असलं तर हे म्हणावं."

"तुम्ही मला कामून सांगायलात?" मी विचारलं.

"चुकीचं बोललेलं मला ऐकवत न्हाई. आणि शत्रूच्या हाती हत्यार जायचंच असलं तर धार लावून जावं. बोथट हत्यारानं जखम चिघळती."

वही माझ्यापुढं टाकली. त्याच आठवड्यात त्यांनी वर लिहून कळवलं, की मुलींच्या वर्गाला हजेरी नाही, तो बंद करावा आणि बाईंची बदली करावी. मला हे हेडमास्तरांकडून कळलं. मास्तरांना मी तोंडावर विचारलं तर म्हणाले, "व्हय, लिवलंय. खोटं लिवलंय का?"

हजेरी घटली होती हे खरंच होतं. अठरा मुलींच्या अकरा उरल्या होत्या.

पावसाळा संपता संपता तपासणीचे साहेब आले. मद्रासकडचे, पांढरा शर्ट, बोलणं संथ. हेडमास्तरांना इंग्रजी येत नव्हती, साहेबांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मधे तरजुमा करायला अंबादास मास्तर. ज्यांनी वर्ग बंद करायची मागणी केली, तेच माझं म्हणणं साहेबांना सांगणार. हेडमास्तरांना यात काही वावगं दिसलं नाही.

मी उभी राहून बोलले. "सात पोरी अभ्यासाला कंटाळून गेल्या न्हाईत. बापांनी काढल्या. ओसरीसमोर हॉटेलातली माणसं बसून बघतात, नावं ठेवतात. एकीच्या ठरलेल्या लग्नात त्यावरनं विघ्न आलं. खोली मागून चार वर्षं झाली. खोली मिळाली तर त्या सातही परत येतील, मी घरोघर जाऊन विचारून आलेय."

मास्तरांनी ते सगळं एका वाक्यात सांगितलं. मला त्यातलं 'लेडी' आणि 'फॅमिली' एवढंच कळलं. साहेबांनी मान हलवली आणि कागदावर लिहायला घेतलं.

मी म्हणाले, "सर, आय बेग टू डिफर."

साहेबांची लेखणी थांबली. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं घरातली गाय बोलली असावी.

"विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट," मी म्हणाले, "दॅट इज नॉट द पॉइंट."

साहेब खुर्चीत सावरून बसले. "ऑल राइट, मॅडम. व्हॉट इज द पॉइंट?"

आणि तिथं माझी इंग्रजी संपली. वहीत भांडण उघडायची सगळी वाक्यं होती, मुद्दा सांगायचं एकही नव्हतं. ओसरी, हॉटेल, बघणारी माणसं, पोरींचे बाप, यातलं काहीच मला त्या भाषेत म्हणता येत नव्हतं. साहेब थांबले होते.

मी मास्तरांकडे वळले. "मास्तर, मी आत्ता बोलले ते सगळं सांगा. एक शब्द गाळू नका. आणि खोली कुणी अडवली तेही सांगा. नावासकट."

त्यांनी चष्मा काढला. डबी मिटली. मला वाटलं, संपलं.

मास्तर उभे राहिले आणि बोलू लागले. माझ्या वाक्याइतकं त्यांचं वाक्य लांब होतं; मी थांबले होते तिथं ते थांबत होते. 'एटीन' आलं, 'इलेव्हन' आलं, 'हॉटेल' आलं. लग्नाची गोष्ट सांगताना त्यांनी आवाज खाली घेतला, मी घेतला होता तसाच. शेवटी त्यांनी दोनदा 'अंबादास' म्हटलं आणि स्वतःच्या छातीकडे बोट केलं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

मग मास्तर म्हणाले, "दॅट वॉज हर केस, सर. नाऊ माइन."

आणि ते त्वेषानं माझ्याविरुद्ध बोलले. बोलून झाल्यावर माझ्याकडे वळून तेही मराठीत सांगितलं, न गाळता. "मी म्हणालो, ह्या गावची नऊ पोरं मॅट्रिकला बसायलीत. इंग्रजी न्हाई आलं तर जल्मभर कुणाच्या तरी दारात अर्ज घेऊन उभी राहतील, मी राहिलो तशी. बाजाराच्या गोंगाटात इंग्रजी शिकवता येत न्हाई. अकरा पोरींसाठी नऊ पोरांचं नुकसान करू नये. ह्याला तुमचं काय उत्तर हाय?"

"गोंगाट पोरांना सोसंल," मी म्हणाले. "पोरांकडं कोण टक लावून बघत न्हाई."

त्यांनी तेही साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेब हसले. हुकूम तिथंच झाला. पोरं ओसरीत, पोरी खोलीत.

साहेब गेल्यावर मी मास्तरांना पायऱ्यांवर गाठलं. "आधी गाळलंत कामून?"

"तुम्ही लांबण लावता."

"आणि मग?"

"मग तुम्ही तरजुमा मागितला. तरजुम्यात मी बेइमानी करत न्हाई. भांडणात करतो."

कुणाला वाटेल, यानंतर आमचं जमलं. नाही जमलं. साहेबांनी विचारलं नसताना बाई मधेच उठून बोलल्या, अशी तक्रार त्यांनी माझ्याविरुद्ध लेखी केली. ओसरीत शिकवून त्यांचा घसा कायमचा बसला, आणि त्याचा दोष ते मला देत राहिले. तो काही प्रमाणात माझा होताही. त्या वर्षी त्यांची दोन पोरं इंग्रजीत नापास झाली. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी गुणांचा कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि गेले. मी तो कागद उचलून परत द्यायला हवा होता. मी तो तसाच तिथं पडू दिला, संध्याकाळपर्यंत. एवढंच, की त्या दिवसानंतर माझ्याशी भांडताना त्यांनी इंग्रजी वापरली नाही. "बाई, तुम्ही चूक हायत," असं सरळ मराठीत म्हणू लागले. मला ते जास्त लागे.

मग राज्यांची नवी रचना झाली आणि आमचा भाग म्हैसूरकडं गेला. हळूहळू कागद कन्नडमधून यायला लागले. मास्तर बाजारात फडाफडा कन्नड बोलत, पण अक्षर एक ओळखत नसत. आता कागद वाचायला हेडमास्तर मला बोलावू लागले. एका जन्मात दुसऱ्यांदा मास्तरांची भाषा निकामी झाली.

मी त्यांना म्हणाले, "महिनाभरात लिपी येईल. मी शिकवते."

"तुम्ही?"

"मी."

"न्हाई."

"कामून?"

"मी तुम्हाला शिकवलं, तसंच तुम्ही मला शिकवाल."

खोटं कशाला बोलू? मास्तर माझ्यासमोर पाटी घेऊन बसलेले बघायची मला हौस होती. त्यांनी ती ओळखली.

त्यांनी राजीनामा दिला. गाणगापूरला त्यांचा भाऊ यात्रेकरूंसाठी खोल्या चालवत असे, तिकडं जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी निरोपाची सभा झाली. हार झाले, पेढे झाले. एकामागून एक शिक्षक उठून मास्तर किती प्रेमळ, किती मनमिळाऊ, हे सांगत होते. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तसा कंटाळा मी आधी कधी पाहिला नव्हता.

मग हेडमास्तरांनी माझं नाव घेतलं. मी उठले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"मास्तर प्रेमळ नव्हते," मी म्हणाले. "सात वर्षांत त्यांनी मला एकदाही सरळ वागवलं नाही. मला हा माणूस आवडला नाही, आणि त्यांना मी आवडले नाही."

हेडमास्तर अर्धे उठले. तेवढ्यात खुर्चीतून, हार गळ्यात तसाच ठेवून, मास्तरांनी हातानं बाक बडवलं आणि बसलेल्या घशानं ओरडले, "हिअर, हिअर!"

कुणाला काही कळलं नाही. इंग्रजी सभेत एखाद्याचं बोलणं मनापासून पटलं की लोक असं ओरडतात, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. मास्तर ताठ बसले, माझ्याकडे बघत.

हेडमास्तर मला हातानं खाली बसा म्हणत होते. मी बसले नाही. मला अजून बरंच बोलायचं होतं, आणि ऐकणारा एकजण तरी होता.