डावीकडं मारा म्हणावं त्यांना

वडीलधाऱ्यांच्या शब्दाला मान देणं हा आपल्या कुटुंबसंस्थेचा पाया आहे, आणि तो परक्या देशातल्या वाळूतही ढळत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. पाहिलं तेव्हा मी एका पिकअपच्या पुढच्या सीटवर बसलो होतो आणि मागे एक खोलीएवढी कॅराव्हॅन जोडलेली होती. सीट कुठली हे महत्त्वाचं आहे. त्या सीटवरून स्टिअरिंग दिसतं.

पिकअप माझा शेजारी चालवत होता. दोह्याच्या अल गराफा भागात एका व्हिलाचे भाग पाडून भाड्याने दिले आहेत. त्यातला एक माझा आणि एक त्याचा. मधली भिंत जिप्समची असल्यामुळे आम्हाला एकमेकांबद्दल आदर आहे आणि माहितीही. तो वसईचा, कॅथलिक, एका इस्पितळात यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनिअर. बायको सांगलीकडची, त्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये. लग्न नऊ वर्षांपूर्वी झालं, तिच्या वडिलांना न विचारता. विचारलं असतं तर झालं नसतं, असं ती म्हणते.

वडिलांनी आरडाओरडा केला नाही, मुलीला टाकलंही नाही. जावयाशी बोलायचं नाही एवढंच त्यांनी ठरवलं, आणि नऊ वर्षं ते पाळलं. फोन जावयाने उचलला तर "तिला द्या" असंसुद्धा ते म्हणत नसत. तिचा आवाज येईपर्यंत नुसते थांबत. नवस इतक्या निष्ठेने पाळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

सासूबाई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ते व्हिजिट व्हिसावर महिनाभर दोह्याला आले. आता फोनची सोय उरली नाही. जावई समोरच बसलेला असे. त्यावर त्यांनी आपला तोडगा काढला.

"चहात साखर जास्त झाली म्हणावं त्यांना," ते मुलीला सांगत. चहा करणारा जावई ट्रे घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभा असे.

"उद्यापासून कमी घालतो म्हणावं," जावई बायकोला सांगे.

"मी टेलिफोन एक्स्चेंज आहे," ती मला म्हणाली. "पगार नाही आणि सुट्टीही नाही."

सासरे परत जायला तीन दिवस राहिले तेव्हा तो मला पार्किंगमध्ये भेटला. त्याने त्यांना म्युझियम दाखवलं होतं, लुसैलची ट्राम दाखवली होती, मेट्रोत गोल्ड क्लासमध्ये बसवलं होतं. प्रत्येक ठिकाणी त्यांनी "बरं हाय म्हणावं" असा निरोप मुलीकडे दिला होता.

"जावई म्हणायला नको," तो म्हणाला. "नुसतं 'अहो' म्हणाले तरी पुरे. एकदा. माणूस त्यांच्या वयाचा, पुन्हा विमानात बसेल की नाही कोण सांगणार?"

मग त्याने शेवटचा उपाय सांगितला. त्याच्या कतारी साहेबांचा समुद्राकाठी हिवाळी कॅम्प होता. कॅराव्हॅन मात्र अजून घरीच उभी होती, कारण ती नेणारा ड्रायव्हर गावी गेला होता. "तू नेऊन लाव," साहेब म्हणाले होते, "आणि सासऱ्यांना घेऊन दोन दिवस राहा. आम्ही पुढच्या आठवड्यात येऊ." माझ्या शेजाऱ्याने आयुष्यात ट्रेलर ओढला नव्हता. हे त्याने साहेबांना सांगितलं नाही. रात्रभर त्याने व्हिडिओ पाहिले आणि डायनिंग टेबलवर मोबाईलच्या मागे स्टेपलर दोऱ्याने बांधून सराव केला. त्यातून त्याला एकच नियम पाठ झाला होता: मागे घेताना ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि उजवीकडे न्यायचा तर डावीकडे. सगळं उलटं.

मला बरोबर नेण्याचं कारण साधं होतं. पुढच्या सीटवर सासरे बसणार नव्हते, आणि बायको पुढे बसली असती तर मागे ते एकटे पडले असते. मधे टाकायला एक तटस्थ राष्ट्र हवं होतं.

शुक्रवारी दुपारी पोचलो. हिवाळ्यात इथली कुटुंबं निसर्गाच्या सान्निध्यात राहायला जातात, म्हणजे निसर्ग सोडून बाकी सगळं बरोबर नेतात. ओळीने प्लॉट, प्रत्येकाला नंबराची पाटी, आत तंबू, तंबूत सोफे. एका तंबूत झुंबर होतं. बाहेर प्लास्टिकच्या हिरवळीवर एक माणूस पाइपने पाणी मारत होता. कशासाठी ते मी विचारलं नाही. साध्या राहणीलाही काही इतमाम लागतो.

साहेबांच्या प्लॉटला तिन्ही बाजूंनी लाकडी कुंपण होतं आणि समोर आत शिरायला जागा होती, कॅराव्हॅनपेक्षा जेमतेम दीड हात रुंद. उजवीकडे शेजारच्या कॅम्पचं कुंपण, त्याला लागून त्यांच्या बैठकीच्या तंबूचे दोर. कॅराव्हॅन मागे घेतच आत घालायला हवी होती, नाहीतर पिकअप आतच अडकली असती.

इथे सासरे गाडीतून उतरले. उतरण्याची पद्धत बदललेली मला जाणवली. महिनाभर ते पाहुण्यासारखे उतरत होते, आता मुकादमासारखे उतरले. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, कॅराव्हॅनला एक फेरी मारली, टायर पायाने दाबून पाहिला. साखर कारखान्याला ऊस वाहताना ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली त्यांनी वीस गळीत हंगाम मागे घेतली होती. कारखान्याच्या आवारात, रांगेत, मागचे लोक शिव्या देत असताना. हे त्यांच्या मुलीने मला आधीच सांगितलं होतं, थोडं अभिमानाने आणि थोडं इशारा म्हणून.

ते कॅराव्हॅनच्या मागे जाऊन उभे राहिले. मुलगी मधे, खिडकीपाशी.

"ष्टेरिंग डावीकडं मारा म्हणावं त्यांना," मागून आवाज आला.

"अरे, स्टिअरिंग डावीकडे मार," खिडकीतून आवाज आला.

शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. कॅराव्हॅनचं मागचं टोक डावीकडेच जायला हवं होतं, म्हणजे स्टेपलरच्या हिशेबाने स्टिअरिंग उजवीकडे. पण सासऱ्यांनी जावयाला उद्देशून सांगितलेली ही पहिलीच कामाची गोष्ट होती, साखर सोडून. त्याने आज्ञाधारकपणे डावीकडे फिरवलं. कॅराव्हॅनचं टोक डौलात उजवीकडे निघालं, शेजारच्या कुंपणाच्या दिशेने.

"डावीकडं म्हणालो मी! उजवीकडं मारलं जणू त्यांनी. इचार!"

"तू उजवीकडे मारलंस का?"

"डावीकडेच मारलं," शेजारी म्हणाला.

"डावीकडेच मारलं म्हणतोय, दादा," तिने वडिलांना कळवलं.

"मग अजून मारा म्हणावं."

पुढे घेतलं, पुन्हा मागे. पुन्हा डावीकडे, पुन्हा तेच. एव्हाना शेजारच्या कॅम्पमधून एक वृद्ध कतारी गृहस्थ बाहेर आले होते, पांढऱ्या शुभ्र पायघोळ थोबमध्ये, हातात कॉफीचा छोटा पेला. ते रागावलेले नव्हते. आपल्या तंबूच्या दोराकडे एक खोली सरकत येते आहे, याची त्यांनी फक्त नोंद घेतली होती. बायको खिडकी सोडून त्यांची माफी मागायला गेली.

ती गेली आणि एक्स्चेंज बंद पडलं. शेजाऱ्याला आरशात काही दिसत नव्हतं. तो सावकाश मागे घेत राहिला. मागे सासऱ्यांना सगळं दिसत होतं: कुंपण, दोर, आणि मधे उरलेली वीतभर जागा. त्यांनी मुलीला हाक मारली. ती माफी मागत होती. त्यांनी कॅराव्हॅनच्या पत्र्यावर थाप मारली. इंजिनच्या आवाजात ती ऐकू आली नाही.

"ओ!" मागून आवाज आला. मग शेतातून शेतात जाणारा आवाज: "ओ जावई! थांबा!"

ब्रेक इतक्या जोरात लागला की माझं डोकं काचेजवळ जाऊन आलं.

"ऐकलंस?" शेजारी म्हणाला.

"ऐकलं."

"मलाच म्हणाले ना?"

"इथे दुसरा जावई नाही. मी आहे, पण सोलापूरचा."

सासरे झपझप चालत खिडकीपाशी आले. मुलगी अजून पलीकडे होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कोणी निरोप्या सापडत नाही अशी खात्री केली आणि सरळ शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "अवं, ऐकायला येतंय का? मी सांगतो तसं मारा. तुमच्या मनानं काय करू नका. पुढं घ्या आधी."

"हो दादा," शेजारी म्हणाला.

ते मागे गेले. तो पिकअप पुढे घेताना मला हळू आवाजात म्हणाला, "ते चुकीचं सांगतायत. सगळं उलटं सांगतायत."

"मग सांग त्यांना."

"नऊ वर्षांनी तोंड उघडलंय माणसाने. पहिल्या मिनिटाला 'तुम्हाला कळत नाही' म्हणू?"

हा प्रश्न मी अनेक ठिकाणी वेगवेगळ्या वेषांत पाहिला आहे. लुसैलला आमच्या ऑफिसात तर रोज त्याची मीटिंग असते. पण तो इतक्या झटपट सुटलेला कधी पाहिला नव्हता.

"डावीकडं मारा!" मागून आज्ञा आली.

"डावीकडे मारतो, दादा!" शेजारी खिडकीतून ओरडला आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

कॅराव्हॅन डावीकडे वळली.

"अस्सं! आता कसं! थोडं उजवीकडं."

"उजवीकडे, दादा!" स्टिअरिंग डावीकडे.

"बास. सरळ करा. येऊ द्या. येऊ द्या. माझ्याकडं बगू नका, आरशात बगा. डावीकडं, थोडंच, नखभर."

"नखभर डावीकडे, दादा!" नखभर उजवीकडे.

कॅराव्हॅनच्या मागे उभ्या माणसाला पिकअपची पुढची चाकं दिसत नाहीत. त्याला फक्त कॅराव्हॅन दिसते, आणि ती त्यांच्या मनात होतं अगदी तिकडेच जात होती. मी खिडकीबाहेर समुद्राकडे पाहत बसलो. तटस्थ राष्ट्रांना हे जमावं लागतं.

कॅराव्हॅन आत गेली. दोन्ही बाजूंना सारखी जागा उरली. कतारी गृहस्थ पेला हातात घेऊन जवळ आले, सासऱ्यांकडे बोट दाखवून मोडक्या हिंदीत म्हणाले, "बाबा उस्ताद." मग कॅराव्हॅनकडे पाहून म्हणाले, "खलास," म्हणजे अरबीत काम फत्ते. सासऱ्यांनी दोन्ही शब्द हात जोडून स्वीकारले आणि कॉफीही.

जेवण वाळूतच, चटईवर झालं. तिने घरून भाकरी आणि खरडा आणला होता, त्याने आदल्या दिवशी केलेलं सुकं मटण. सासऱ्यांनी मुलीकडे न पाहता जावयाला विचारलं, "तुमच्या वसईला ऊस हाय का?"

"नाही दादा. केळी होती, पानवेली होत्या. आता बिल्डिंगा आहेत."

"हं," ते म्हणाले. मग खरडा वाढून घेत म्हणाले, "तुमी ऐकता. आजकालची पोरं ऐकत न्हाईत. आमचा थोरला तर सांगितलं त्याच्या उलटं करतो."

शेजाऱ्याने मान खाली घातली. सासऱ्यांना तो विनय वाटला असावा. मी भाकरी मोडली. वाळवंटात लागते तशी भूक मला लागली होती.

कॅम्पवरून परतल्यावर मी तिला खरं सांगितलं, जिप्समच्या भिंतीपासून दूर, पार्किंगमध्ये. ती बराच वेळ हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "कुणाला सांगू नका." म्हणून इथे नावं नाहीत.

दादा गावी गेले. आता दर शुक्रवारी त्यांचा फोन थेट जावयाच्या मोबाईलवर येऊ लागला. बोलणं लांबत नसे: पाऊस, ऊस, गुडघा. पण "मला दे" म्हणून फोन मागायची पाळी आता तिच्यावर आली. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी जावयाला लग्नानंतर पहिल्यांदा गावी बोलावलं.

तिथे काय झालं ते तिने मला फोनवर सांगितलं. अंगणात भावकी जमली होती. ट्रॅक्टर उभा होता, मागे तीच उसाची ट्रॉली, आता कडब्याने भरलेली, आणि ती गोठ्याच्या बाजूला मागे घ्यायची होती. दादांनी थोरल्या मुलाला खाली उतरवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे आमचे जावई. परदेशात एवढी मोठी गाडी माझ्या शब्दावर आत घातली. शब्दाबाहेर जात न्हाईत." जावयाला हाताला धरून ट्रॅक्टरवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले.

"डावीकडं मारा!"

"डावीकडे मारतो, दादा!" जावई म्हणाला, आणि अनुभवाला स्मरून स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

उसाच्या ट्रॉलीला चार चाकं असतात आणि पुढची दोन दांडीबरोबर वळतात. त्यामुळे मागे घेताना ती कॅराव्हॅनच्या बरोबर उलट वागते. डावीकडे न्यायची तर डावीकडेच मारावं लागतं. म्हणजे दादा वीस हंगाम बरोबरच मारत आले होते. हे नवराबायकोला कळलं तेव्हा ट्रॉली गोठ्याच्या भिंतीतून आत गेली होती.

"मग? दादा काय म्हणाले?" मी विचारलं.

"सगळ्या भावकीसमोर म्हणाले, 'आरं गाढवा, काय करायलास?'" ती म्हणाली. "आम्हाला ते असंच बोलतात. त्याला पहिल्यांदाच बोलले. हा तिथे ट्रॅक्टरवर बसून हसतोय. लोकांना वाटलं, डोक्याला लागलं."

भिंत पुन्हा बांधून घेतली. म्हैस त्या वेळी बाहेर बांधलेली होती.