गुरुवार ओलांडलेलं गणित

"नीट धर, अ‍ॅसिड सांडेल," आम्रपालीताई म्हणाली. ट्रकच्या बॅटऱ्या आम्ही दोघी बहिणी लॅबच्या तिसऱ्या मजल्यावर चढवत होतो. मी नववीत शाळा सोडलेली, येरवड्यात मामाच्या बॅटरीच्या दुकानात कामाला. ताई कर्वेनगरच्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. तिच्या मैत्रिणी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायच्या. ही प्लाझ्माच्या मागे.

प्लाझ्मा म्हणजे सूर्यासारखा तापलेला वायू. यंत्रात तो चुंबकाने मधल्यामध्ये अडवायचा, भिंतीला लागू द्यायचा नाही. पण कडेला तो खवळतो. किती खवळतो, याचं गणित ताईचा कॉम्प्युटर दिवसचे दिवस करायचा. त्या आकड्यांवर परगावच्या एका यंत्राची भिंत बनणार होती.

पुण्यात दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. म्हणून लॅबमध्ये सगळे शुक्रवारी गणित लावायचे, बुधवारी थांबवायचे. सहा दिवस कड शांतच दिसायची.

"पुढं काय होतं, कुणी बघितलंय का?" ताईचा प्रश्न. म्हणून बॅटऱ्या.

गुरुवार गेला. शनिवारपर्यंत काही नाही. दहाव्या दिवशी स्क्रीनवरची सपाट रेघ एकदम उभी राहिली. प्लाझ्माचा गोळा कडेपासून सुटून थेट भिंतीवर. ताई हसली नाही.

"शालू, ती भिंत नाही टिकणार."

तिचे गाइड खांबेटे सर. कागद बघून म्हणाले, "अहो, ही उसळी प्लाझ्माची नाही, बॅटरीची आहे."

"माझ्या बॅटरीला नावं ठेवायची नाहीत," मी म्हणाले.

"आपलं शिक्षण?"

"नववी."

"वाटलंच."

ताई म्हणाली, "सर, पुन्हा लावते. दहा दिवस द्या."

"आकडे सोमवारी जाणार."

जुनेच गेले. ताईने यंत्रवाल्यांना स्वतः पत्र लिहिलं. उत्तर सरांकडे आलं. तिची पीएचडी तिथंच संपली. आता ती हिंजवडीत लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दोन वर्षांनी ते यंत्र पूर्ण जोरात चालवलं आणि भिंतीला भोक पडलं. बातमी वाचली त्या दिवशी तिने डबा भरलेलाच परत आणला.

सर रिटायर झाल्यावर लॅबच्या भंगार बॅटऱ्या उचलायला मी गेले. बाजूच्या रद्दीत सरांची १९९६ची वही होती. गणपतीत गुरुवारीसुद्धा लाइट घालवत नाहीत. त्या वर्षी सरांचं गणितही गुरुवार ओलांडून चाललं होतं. अकराव्या दिवसाच्या आकड्यांपुढं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "मोठी उसळी. लाइटचा दोष. सोडून द्यावे."