हरिसिंगचं नववं गाणं

माझ्या भावाला, हरिसिंगला, गाणं संपवता येत नाही. वाजवता येतं, बसवता येतं. एका गाण्यातून दुसऱ्यात तो असा शिरतो की नाचणाऱ्याला कळतही नाही. पण शेवट जमत नाही.

कारण साधं आहे. तीस वर्षं तो पुसदच्या एका बँड पार्टीत कॅसिओ वाजवत होता. वरातीत गाणं संपू द्यायचं नसतं. जरा शांतता झाली की पोरांना एकमेकांच्या कॉलरी दिसायला लागतात. म्हणून एक गाणं विझायच्या आत दुसरं पेटवायचं, थेट मांडव येईपर्यंत. थांबायचं ते एकाच ठिकाणी, रस्त्यात मयतीचं घर लागलं तर. तिथं ओळ अर्धी असली तरी आवाज बंद. सगळे माना खाली घालून पुढं सरकतात. घर मागं पडलं की पुन्हा सुरू. नवरदेवाच्या बापानं कितीही डोळे वटारले तरी हरिसिंगनं हा नियम कधी मोडला नाही.

गेल्या वर्षी आमची याडी, म्हणजे आई, गेली. तेव्हा तो उमरखेडला वरातीत होता. मी फोन केला. त्यानं ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि मांडवापर्यंत वाजवत राहिला. तांड्यावर आला तो अंगात बँडचा लाल कोट तसाच ठेवून. मी त्याला त्याबद्दल काही विचारलं नाही. याडीचे दिवस झाले आणि त्यानं पार्टी सोडली.

मग म्हणाला, स्वतःचा अल्बम काढणार. नऊ गाणी. शब्द त्याचे, चाली त्याच्या. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, कॅसिओ, सगळं एकटाच वाजवणार. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात त्याचं घर आहे. तिथली कापूस ठेवायची खोली रिकामी करून त्यानं भिंतींना गोधड्या टांगल्या आणि चोपन्नाव्या वर्षी गिटारच्या तारांवर बोटं सोलून घेतली. अल्बमचं नाव ठेवलं ‘आपला आपण’. त्यावर आमची भाभी धनीबाई म्हणाली, “आपला आपण म्हणते, अन् भितीवर गोधड्या माह्या!”

गाणी वाईट नव्हती. खरं सांगायचं तर मी चकित झाले. खाली तांड्यातल्या नगाऱ्याची थाप, तिच्यावर वरातीचा जोर, आणि मधेच गिटार अशी ओरडायची की बाहेर बांधलेली बकरी उठून उभी राहायची.

नवव्या गाण्यात त्याला बाईचा आवाज हवा होता. माझी वर्षा नर्सिंग शिकलेली. एका रविवारी मामाकडे गायला गेली ती तिथंच राहिली. नागपूरच्या एका हॉस्पिटलातून तिला नोकरीचं बोलावणं आलेलं. रुजू व्हायची तारीख एकदा पुढं ढकलून मिळाली, पुन्हा मिळणार नव्हती. फोन केला की तिचं एकच, “आई, मामाचं गाणं झालं की निघते.” आणि गाणं होत नव्हतं. शेवट आला की मामा नवा सूर जोडायचा, त्यातून नवं कडवं निघायचं.

शेवटी मीच बस पकडून गेले. वर्षा खोलीत कानांवर हेडफोन घालून बसली होती, मी आल्याचं तिला कळलंही नाही. हरिसिंग ओसरीत चहा पीत होता. आम्ही भाऊबहीण गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलतो. सगळ्यांना कळावं म्हणून ते इथं वऱ्हाडीत लिहिते.

“भिया, पोरीले सोड आता.”

“मी काय दावं लावलं तिले? गाणं संपू दे.”

“तुले संपवता येते काय?”

धनीबाई चुलीजवळून म्हणाली, “लगन होऊन एवढे वर्षं झाले बाई, याची अजून वरातच चालू हाये.”

तो हसला नाही. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण वर्षाची तारीख दोन दिवसांवर आली होती, बसमध्ये मी दुसरा विचारच केला नव्हता.

“तू कोणासाठी थांबशीन रे? याडीसाठी थांबला नाही, तं माह्या पोरीसाठी काय थांबशीन!”

त्यानं कपातला उरलेला चहा अंगणात ओतला.

“फोन आला तव्हा मले वाटलं, वाजवणं थांबवलं तं ते खरं होईन.”

मग उठला, आत गेला, दार लावून घेतलं. गिटार सुरू झाली. नगाऱ्याची थाप चढत गेली. वर्षाचा आवाज वर आला, एक लांब ओळ तिनं उचलली, आणि बंद. ओळ अर्धीच. मला वाटलं लाईट गेली. पण ओसरीतला पंखा फिरत होता.

वर्षा धावत बाहेर आली. “आई, तू कधी आलीस? झालं! मामा म्हणते, झालं!”

धनीबाईनं डोक्यावर पदर ओढून मान खाली घातली. तिला कळलं होतं. मलाही.

वर्षा वेळेत नागपूरला रुजू झाली. जे मागायला गेले होते ते मला मिळालं. ते नववं गाणं माझ्या फोनवर आहे. भाऊ याडीच्या दारापुढं थांबला, हे मला कळतं. पण तुटतो तो आवाज माझ्या लेकीचा आहे. मी शाळेत शिकवते, असल्या अपशकुनांना अर्थ नसतो हे पोरांना मीच सांगते. तरी ती जागा आली की मी वर्षाला फोन लावते. आत्ताही लावला. तिची रात्रपाळी आहे, उचलला नाही.

अल्बम अजून बाहेर आलेला नाही. परवा मी हरिसिंगला म्हटलं, “भिया, पोरीची ओळ तरी पुरी कर. मंग काढ.”

“करीन ना, बबे,” तो म्हणाला. “पण अजून घर मागं पडलं नाही.”