दवाखाना निळ्यात, मटण रंगीत

माझ्या फोनमध्ये तीन ब्राउझर आहेत. मला एक पुरला असता, पण सुनेनं शिस्त लावून दिली. निळ्यात बँक आणि दवाखाना. रंगीत चकतीत स्वयंपाकाचे व्हिडिओ, बातम्या, काय हवं ते. तिसऱ्यात पालिकेच्या तक्रारी, कारण पालिकेचं पान बाकीच्या दोन्हींत अर्धवटच उघडतं. वर बजावलं, "आई, मिसळायचं नाही."

मी चौथी शिकलेली आहे, पण वेगळं ठेवायला मला कुणी शिकवू नये. सून माळकऱ्यांची मुलगी. ती आल्यापासून आमच्या दिघीच्या घरात मटणाचं पातेलं, पळी, शेगडीसुद्धा वेगळी आहे.

आमच्या यांचा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला होता. शेजारी दारात आला तरी मुलगा समजून त्याला उशीर का झाला म्हणून झापायचे. मोठ्या खटपटीनं ऑपरेशनची तारीख मिळाली. आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत फोनवर 'येणार' असं दाबायचं, नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला.

त्या दिवशी साडेअकराला मी निळं उघडलं. तिथं यांचं नाव नाही, तारीख नाही. उलट मलाच विचारतंय, तुम्ही कोण. बंद करून परत उघडलं, तरी तेच.

"काय झालं गं?" हे म्हणाले.

"तुमची तारीख गायब आहे."

"आसं कसं? न्हाई म्हंजी?"

मुलगा चाकणला कंपनीत, त्याचा फोन गेटवरच जमा होतो. सुनेला लावला. ती मीटिंगमध्ये होती, कुजबुजत म्हणाली, "आई, रविवारी निळ्यात ते पान अडकत होतं. म्हणून मी रंगीतमध्ये बुकिंग केलं."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"विसरले."

"तुझ्या पातेल्यात मी कधी रस्सा केला का?"

"नाही, आई."

"केला असता तर न सांगता तुला त्यात वरण वाढलं असतं का?"

ती म्हणाली, "आई, बारा वाजतील, आधी दाबा."

रंगीत उघडलं. पांढऱ्या रश्श्याची बाई, गॅसच्या शेगड्यांची जाहिरात, भाकरी थापणारे हात, असं एकेक सारत गेले. सगळ्यांच्या तळाशी यांचं नाव निघालं. हे म्हणाले, "मी दाबतो, माझा डोळा हाय."

"राहू द्या. शेगडी मागवून बसाल."

मी दाबलं. खाली अक्षरं आली, 'उद्या सकाळी आठ वाजता, डोक्यावरून आंघोळ करून यावे.' ती मी यांना वाचून दाखवली.

"दाढी करू का?" यांनी विचारलं.

तसं काही लिहिलेलं नव्हतं. बाकीच्या दोन्हींत बघायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, करा.