पातेल्यातलं जोडवं

बाळांनो, तिकडच्या हिरवळीवर उगवलेल्या पांढऱ्या छत्र्यांचा फोटो पाठवून तुम्ही विचारलंत, "आजी, ही अळंबी खाऊ का?" आणि केज तालुक्यातलं ते प्रकरण डोळ्यांसमोर उभं राहिलं. अजून अंगावर काटा येतो.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याची प्रभारी होते. सरकारी दवाखान्यातून विषबाधेची खबर आली. एका वस्तीवरचे मायलेक अळंबीची भाजी खाऊन अत्यवस्थ होते. सून मात्र धडधाकट. तिला म्हणे चतुर्थीचा उपवास. मी दवाखान्यात पोचते तोच तिचा वेगळा राहणारा दीर पुढे आला.

"म्याडम, तिचा डावा पाय बघा. जोडवं न्हाई! नवरा जित्ता हाय अन् हिनं आधीच उतरवलं!"

मी हादरले. सवाष्ण बाई जोडवं उगाच काढत नाही.

जबाब घेताना मी तिला तेच विचारलं. मान खाली घालून ती सासूबद्दल म्हणाली, "आत्याबाई शुद्धीवर येऊ द्या. त्यांचं नाव मी घ्यायची न्हाई."

अटक करा, असा सगळ्यांचा घोशा. पण गप्प बसणारा दर वेळी स्वतःलाच लपवत नसतो. मी म्हटलं, आधी पंचनामा.

पंचांसमोर उरलेली भाजी बरणीत ओतताना टण्णदिशी आवाज झाला. भाजीत जोडवं होतं. लखलखीत!

आता ती रडू लागली. "आत्याबाईच म्हणल्या, चांदी टाकून बघ, इख असलं तर काळी पडंल. घरात चांदी तेवढीच व्हती. काळी पडली न्हाई, म्हणून वाढली भाजी."

"आता कायबी सांगंल ही," दीर गुरकावला.

दुसऱ्या दिवशी सासूने डोळे उघडले. मी काही विचारायच्या आतच ती पुटपुटली, "सूनबाई, जोडवं काळं पडलं व्हतं का गं?"



मायलेक वाचले. तज्ज्ञाने उरलेल्या कच्च्या अळंबीची छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली. काही तासांनी खाली बीजाणूंची हिरवट भुकटी पडली. गवतातल्या खायच्या अळंबीची छत्रीखालची झालर आधी गुलाबी, मग तपकिरी होते. ही वरून हुबेहूब तशीच, पण विषारी.

त्या चांदीने एका निरपराध बाईला सोडवलं. विष ओळखणं मात्र चांदीला जमलं नव्हतं. तेव्हा फोटोवरून मीही काही सांगणार नाही. तोडलेल्या छत्र्या फेकून द्या, हात धुवा आणि मला लगेच फोन करा.