बाजूला व्हा, ओरडा, पळा

बारा वर्षं सेल्फ डिफेन्सचा क्लास चालवला की माणूस मजबूत होतो की नाही माहीत नाही, पण त्याच्यावरचे किस्से मात्र मजबूत साठतात. पंचवटीतल्या आमच्या समाजमंदिरात चहा आला की कोणीतरी एक काढतो, मग दुसरा, आणि प्रत्येकात आपटणारा माणूस मीच! दिवसा मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर, संध्याकाळी ‘सर’. नवीन माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, "सर, हे खरंच कामाला येतं का?" मी ठोकून देतो, "हंड्रेड पर्सेंट!" बाकीच्यांचं ठीक आहे हो, पण कमलताईंचं पहाटेचं फुलांचं मार्केट या उत्तरावर अडलं होतं. त्यांच्याकडे येतोच.

*

आधी उगम. कराटेच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत मला एक कौल फोडायचं होतं. कौल शाबूत राहिलं, मनगट फुटलं! हात गळ्यात अडकवून भाजीबाजाराच्या बोळातून चाललो होतो, तर समोरून एक मोकाट बैल आला. इतकी वर्षं शिकलेलं काहीएक आठवलं नाही. बाजूला झालो, जिवाच्या आकांतानं ओरडलो आणि पळालो.

घरी आल्यावर हेच वहीत लिहून काढलं: बाजूला व्हा, ओरडा, पळा. हात लावायचा तो अगदीच इलाज नसेल तर. आमची शैली ती हीच. पत्रकावर मात्र ‘अनेक प्राचीन विद्यांचं सार’ असं छापलंय. गुरू म्हणून बैलाचं नाव टाकायची लाज वाटली, दुसरं काय.

*

ते पत्रक वाचून एक रिटायर्ड हेडमास्तर चौकशीला आले.

"या विद्येचा उगम नेमका कुठला?"

मी आवाज जरा गंभीर केला. "पूर्वेकडचा."

"म्हणजे निफाड?"

*

एका गणपती मंडळानं आमचा डेमो ठेवला. मी माइकवरून म्हटलं, "कुणीही या, कसाही हल्ला करा!" सत्तरीच्या एक आजी स्टेजवर चढल्या. पाय कसे रोवायचे हे मी लोकांना समजावत होतो, तेवढ्यात त्यांनी छत्री माझ्या पोटरीवर हाणली. मी आडवा!

"आजी, मी अजून स्टार्ट म्हटलं नव्हतं!"

"चोर काय इस्टार्ट म्हणून येतो का रे?"

त्या दिवशी सात ॲडमिशन आल्या. सातही जणांनी क्लासची वेळ आजींना विचारली.

*

त्र्यंबकेश्वरला पार्किंगवरून एक धिप्पाड माणूस माझ्या अंगावर आला. बाजूला व्हायला जागा नव्हती, आणि बायको शेजारी असल्यामुळे पळायची सोय नव्हती. शेवटी स्टान्स घेतला. गुडघे वाकलेले, कंबर खाली, दोन्ही हात पुढे. तो थबकला. म्हटलं, टरकला!

"काका, कमरेत लचक भरली का?"

त्यानं मला धरून टपरीच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, वर माझी गाडीही वळवून दिली. बायको म्हणते, तुमचा आजवरचा एकमेव यशस्वी डाव तो.

*

आता कमलताई. मखमलाबादच्या. स्वतःच्या शेतातला झेंडू, शेवंती पहाटे स्कूटीवर लादून मार्केटला आणायच्या. एकदा बाइकवरच्या दोघांनी त्यांचं मंगळसूत्र हिसकवायला बघितलं. मंगळसूत्र वाचलं, पण नवऱ्यानं, म्हणजे दत्तूभाऊंनी, स्कूटीची चावीच काढून घेतली. "माल टेम्पोनं जाईल. तू घरी बस." पंधरा वर्षांत एकेक करून जोडलेलं गिऱ्हाईक होतं हो त्यांचं! चावी परत मिळावी म्हणून तीन महिने त्यांनी क्लासचा एक दिवस चुकवला नाही.

एका रविवारी दत्तूभाऊ स्वतःच आले. सगळ्या क्लाससमोर म्हणाले, "सर, मी हिचा हात धरतो. हिनं सोडवून दाखवायचा. सुटला तर ही चावी हिची. नाय सुटला तर उद्यापासून हिचा क्लास बी बंद."

मी खूश! मनगट अंगठ्याच्या बाजूनं फिरवलं की कुठलीही पकड सुटते, हे मी शंभरदा शिकवलेलं. दत्तूभाऊंनी हात धरला. ताईंनी फिरवला. सुटला नाही. पुन्हा फिरवला. फावडं धरून धरून घट्ट झालेला पंजा तो, जागचा हलेना. जाणार होती ती माझी अब्रू, तिची फारशी किंमत नाही. पण ताईंचं मार्केट माझ्या थापेपायी जाणार होतं, याचं फार वाईट वाटलं.

"झालं?" दत्तूभाऊंनी विचारलं.

ताई थांबल्या. एक श्वास घेतला. नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"दत्तू, हात सोड."

बावीस वर्षांच्या संसारात उखाण्याबाहेर हे नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. दत्तूभाऊंचा पंजा उघडला.

बराच वेळ ते त्या पंजाकडेच बघत राहिले. मग खिशातली चावी काढून ताईंच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"सर, तुमचा डाव काय चालला नाय बरं का."

ताई दाराशी चपला घालत होत्या. तिथूनच म्हणाल्या,

"पण हात सुटला ना?"