नलिनीकाकू आणि आमच्या बादलीतलं विसर्जन

नलिनीकाकूंशी माझी ओळख झाली ती एका न विरघळणाऱ्या गणपतीमुळे. नोकरीच्या व्हिसावर पुण्याहून सांता क्लाराला येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. आईने बरोबर दिलेली मूर्ती मी मोठ्या भक्तिभावाने बाथटबमध्ये विसर्जित केली. मूर्ती निघाली प्लास्टरची! तीन दिवस झाले तरी बाप्पा जसेच्या तसे, आणि माझी आंघोळ सिंकपाशी. शेवटी ऑफिसातल्या एकाने काकूंचा नंबर दिला.

काकू आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "अरे, बाप्पाला तुझं घर आवडलेलं दिसतंय. काढ बाहेर, पूस आणि ठेव देवांत." त्याच रविवारी त्यांनी मला फ्रीमाँटच्या घरी जेवायला बोलावलं आणि कुंभारकामाच्या साध्या मातीचा गणपती करायला शिकवलं. मूर्ती बादलीत विसर्जित करायची, माती वाळवून ठेवायची आणि तिच्यातली मूठभर पुढच्या मूर्तीत मिसळायची, ही त्यांची पद्धत. आज ती इथल्या कितीतरी घरांत चालते.

काकू पेशाने डॉक्टर, आता निवृत्त. त्या इथे आल्या तेव्हा पूजेला गुरुजी मिळत नसत, म्हणून पोथी पुढ्यात घेऊन त्या स्वतःच पूजा सांगू लागल्या. नैवेद्याला उकडीचे मोदक जमले नाहीत तर केळं चालेल, म्हणायच्या. तिथी मात्र सोडायच्या नाहीत. एकदा मी म्हटलं, "काकू, गुरुवारी माझी मीटिंग आहे, गणपती शनिवारी बसवू या का?" त्यांनी मीटिंगची वेळ विचारली आणि आरती पहाटे सव्वासहाला ठेवली. दाराशी ऑफिसच्या बुटांचा ढीग पडला होता. आरती करून, हातात प्रसादाचा डबा घेऊन आम्ही सगळे फ्रीवेला लागलो.

माझे वडील गेले तेव्हा व्हिसाच्या अडचणीमुळे मला पुण्याला जाता आलं नाही. काकू आल्या, पिठलं-भात केला आणि बाबा कसे होते एवढंच विचारत राहिल्या. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या हिवाळ्यात काकूंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. यंदा त्यांनी जाहीर केलं, "पूजा तुमची तुम्ही करा. मी पाहुणी म्हणून येईन. चुकलात तरी तोंड उघडणार नाही." खरं सांगतो, मला रागच आला. इतकी वर्षं त्या सांगणार आणि आम्ही करणार, असंच चाललेलं. काकू नसतील तर आमच्या घरातला गणपती टिकेल का, या भीतीने मला ग्रासलं होतं.

पूजेला माझी बारा वर्षांची लेक इरा बसली. मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी रोमन लिपीत लिहिलेली पूजा अडखळत वाचत होती. नैवेद्य दाखवून झाला आणि लक्षात आलं, फुलं वाहायचीच राहिली! मी काकूंकडे बघितलं. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तेवढ्यात इराच म्हणाली, "वेट, वेट! सॉरी बाप्पा," आणि फुलं वाहून तिने नैवेद्य पुन्हा दाखवला. काकूंनी डोळे पुसले, पण बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॅकयार्डात बादलीपाशी आम्ही "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत होतो. काकूंचा आवाज "मोरया"पाशीच थांबला. ते इराने ऐकलं. ओल्या हातांनीच तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "यू टू, आजी. पुढच्या वर्षी लवकर या."

"येईन गं," काकू म्हणाल्या, "पण पाहुणी म्हणूनच हं."

काकू, तुमच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात सगळेच तुम्हाला उदंड आयुष्य चिंततील, मीही चिंततो. तब्येतीला जपा, औषधं वेळेवर घ्या. पूजा आम्ही करू, चुकू, पुन्हा करू. बॅकयार्डात माती वाळत घातली आहे. तिच्यातली मूठभर पुढच्या वर्षी इराच्या हातावर तुम्हीच ठेवायची आहे.